मार्शला न दिसलेला हात

आठव्या इनिंगचा उत्तरार्ध. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, १९ ऑक्टोबर २००४ ची रात्र. बेसबॉलमधल्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना. बोस्टन रेड सॉक्स ४, न्यूयॉर्क यांकीज २. एक बाद, फर्स्ट बेसवर डेरेक जीटर, बॅटिंगला अॅलेक्स रॉड्रिगेझ. त्याचा फटका नीट बसलाच नाही. चेंडू पिचर (चेंडू टाकणारा) आणि फर्स्ट बेसची रेषा यांच्यामधून सरपटत निघाला. पिचर ब्रॉन्सन अरोयो धावत आला, चेंडू उचलून डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये घेतला आणि रेषेवरून येणाऱ्या रॉड्रिगेझला टॅग करायला, म्हणजे चेंडूसकट ग्लोव्ह अंगाला लावून बाद करायला, हात पुढे केला. रॉड्रिगेझने धावता धावता आपला डावा हात वरून आणला आणि अरोयोच्या ग्लोव्हवर मारला. चेंडू उडाला आणि रेषेच्या कडेने उजव्या मैदानाकडे घरंगळत गेला. तो परत येईपर्यंत जीटर फर्स्टवरून थेट होम प्लेटला पोचून धाव काढून मोकळा झाला होता आणि रॉड्रिगेझ सेकंडवर उभा होता.

फर्स्ट बेसचे पंच रँडी मार्श यांनी चेंडू जिवंत धरून खेळ चालू दिला होता. म्हणजे ४-३, बरोबरीची धाव सेकंड बेसवर आणि बाद फक्त एक. काही मिनिटांनी सहा पंच एकत्र आले, बोलले आणि पांगले. अडथळा आणला म्हणून रॉड्रिगेझ बाद, जीटर परत फर्स्टवर, धावसंख्या पुन्हा ४-२.

मला या प्रकरणातला निर्णय बरोबर होता की नाही, यावर फार लिहायचं नाही. बरोबर होता, चित्रफीत पाहिलेल्या कुणालाही ते कळतं. मी स्वतः गेली काही वर्षं न्यू जर्सीत शनिवार-रविवारी मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळे मी पुन्हा पुन्हा वळतो ते त्या काही मिनिटांकडे. एका पंचाने दिलेला निर्णय दुसऱ्याच्या सांगण्यावरून बदलला गेला, तो नेमका कसा? आणि तसं प्रत्येक वेळी का करू नये?

कोण कुठे उभं होतं

अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, साध्या सामन्यात चार पंच असतात, एक होम प्लेटमागे आणि बाकी तिघे तीन बेसजवळ. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, दोन वाढतात, डाव्या आणि उजव्या रेषेवर लांब मैदानात. त्या रात्री प्लेटमागे जो वेस्ट होते, फर्स्टवर मार्श, जे या तुकडीचे प्रमुखही होते, आणि डाव्या रेषेवर जिम जॉइस. जॉइस हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

मार्श फर्स्ट बेसच्या मागे रेषेला लागून उभे होते, तोंड प्लेटकडे. धावणारा त्यांच्याकडे येतोय, टॅग करणारा त्यांच्यासमोर आहे आणि मधे खेळाडूंची शरीरं. चेंडू सुटलेला त्यांना दिसला. तो कशामुळे सुटला ते दिसलं नाही. टॅग करताना धक्क्याने चेंडू ग्लोव्हमधून सुटणं ही बेसबॉलमध्ये रोजची गोष्ट आहे, आणि तसं झालं तर धावणारा वाचतो, खेळ पुढे चालतो. म्हणून मार्श यांनी जे दिलं त्याला मी घोडचूक म्हणणार नाही. त्यांच्यापाशी जेवढी माहिती होती तेवढ्यावरून तोच निर्णय निघत होता. माहितीच अर्धी होती.

वेस्ट यांची जागा उलट्या बाजूची. प्लेटमागच्या पंचाला फर्स्टकडे पळणारा पाठमोरा दिसतो. रॉड्रिगेझचा डावा हात शरीराच्या बाहेर, आतल्या मैदानाच्या बाजूला फेकला गेला होता. मागून पाहणाऱ्याच्या नजरेतून असा हात पाठीआड जात नाही, तो मोकळ्या हवेत दिसतो. मार्श यांच्यापेक्षा वेस्ट लांब होते, पण या एका गोष्टीसाठी त्यांचा कोन चांगला होता.

पंचगिरी शिकायला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी ऐकलेलं वाक्य असं होतं: जवळ जाण्यापेक्षा कोन धर. तेव्हा ते नुसतं पाठ केलं होतं. ते अंगात मुरलं ते पुढे स्वतः एकदा तोंडघशी पडल्यावर. ती गोष्ट खाली येईल.

बोस्टनचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, टेरी फ्रँकोना बाहेर आले आणि हरकत घेतली. मार्श यांनी साथीदारांना जवळ बोलावलं. चर्चा खेळाडूंपासून दूर झाली, आजूबाजूला एकही मॅनेजर नव्हता. मग निर्णय जाहीर झाला. रॉड्रिगेझने मुद्दाम अडथळा आणला, म्हणून तो बाद.

जीटरचं काय करायचं, हा भाग लोक विसरतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. निर्णय बदलला की काम निम्मंच झालेलं असतं. मैदानावरचं चित्र दुरुस्त निर्णयाप्रमाणे पुन्हा मांडावं लागतं. फटका मारणारा फर्स्टला पोचण्याआधी अडथळा झाला असेल, तर बाकीच्या धावणाऱ्यांना चेंडू टाकला गेला त्या वेळी ते जिथे होते तिथे परत पाठवतात, असा नियम आहे. रॉड्रिगेझ फर्स्टला पोचला नव्हता. म्हणून जीटर होमवरून सेकंडवर नाही, पार फर्स्टवर आला. सेकंडवर ठेवला असता तर दिसायला मधला तोडगा झाला असता, पण नियमाने चूक ठरलं असतं. एवढ्या गदारोळात सहा जणांनी ही दुसरी पायरीही नीट चढली.

गदारोळ तर होताच. प्रेक्षकांतून वस्तू मैदानात फेकल्या जाऊ लागल्या, फ्रँकोनांनी आपले खेळाडू काही वेळ आत बोलावले, आणि नवव्या इनिंगमध्ये हेल्मेट घातलेले पोलीस रेषांच्या कडेने बसवले गेले. सामना बोस्टनने ४-२ असा जिंकला, दुसऱ्या दिवशी सातवाही जिंकला. सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ वरून उठून जिंकणारा तो मेजर लीगमधला पहिला संघ. त्यानंतर सेंट लुईसला सरळ चार सामन्यांत हरवून त्यांनी १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगमधल्या दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका, जिंकली.

नियम गप्प राहायला सांगतो

नियमपुस्तकात याबद्दल एक कलम आहे, २००४ साली ते ९.०२ मध्ये होतं, २०१५ च्या फेरमांडणीनंतर ८.०२ मध्ये आहे. त्याचा आशय असा: निर्णयावर हरकत आली तर निर्णय देणारा पंच अंतिम निकालाआधी दुसऱ्या पंचाकडून माहिती मागू शकतो. पण त्याने विचारल्याशिवाय कोणत्याही पंचाने जोडीदाराच्या निर्णयावर टीका करू नये, तो फिरवू पाहू नये, त्यात ढवळाढवळ करू नये.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे परकं नाही. क्रिकेटचा कायदा क्रमांक ३१ तेच म्हणतो. प्रत्येक पंच आपापल्या कक्षेतल्या अपीलाचं उत्तर देतो, आणि दुसऱ्याला जास्त चांगलं दिसलं असावं अशी शंका असेल तर त्या वस्तुस्थितीपुरतं त्याला विचारतो, मग निकाल स्वतः देतो. चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हमध्ये टप्पा पडून आला का, हे विचारायला मुख्य पंच स्क्वेअर लेगकडे चालत जातो ते दृश्य आपण लहानपणापासून पाहिलंय. स्क्वेअर लेगचा पंच आपणहून पळत येऊन ‘अहो, पायचीत नव्हता हो’ असं म्हणताना मात्र कधी पाहिलेलं नाही.

बेसबॉलचं पुस्तक आणखी दोन गोष्टी सांगतं आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. एक, एकाच खेळावर दोन पंचांनी दोन वेगळे निर्णय दिले तर मुख्य पंच सगळ्यांना एकत्र बोलावतो, कोण सर्वांत चांगल्या जागी होता आणि कोणता निर्णय खरा असण्याची शक्यता जास्त आहे हे पाहून एक ठरवतो. दोन, पंचांसाठीच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की पंचाची प्रतिष्ठा महत्त्वाची खरी, पण बरोबर असण्याइतकी नाही.

म्हणजे एकीकडे ‘विचारल्याशिवाय बोलू नकोस’ आणि दुसरीकडे ‘बरोबर असणं सर्वांत वर’. या दोघांची गाठ कुठे बसते, हा प्रश्न माझ्या मते एका भेदाने सुटतो. जोडीदाराला काहीतरी दिसलं नाही, ही एक गोष्ट. जोडीदाराने सगळं पाहिलं आणि तुझं मत वेगळं पडलं, ही दुसरी. पहिल्यात तुझ्यापाशी माहिती आहे. दुसऱ्यात फक्त मत आहे, आणि मताला मैदानावर दोन मालक असू शकत नाहीत. धावणारा बेसला आधी पोचला की चेंडू, यावर चार पंचांची मतं घेत बसलो तर प्रत्येक निर्णयानंतर डगआऊटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) एक माणूस ‘त्याला विचारा’ म्हणत बाहेर येईल आणि त्याला नाही म्हणायला काही आधारच उरणार नाही.

नियमाच्या उपयोजनातली चूक मात्र मी वेगळी मोजतो. जोडीदार चार ऐवजी तीनच बॉलवर (बाहेर पडलेल्या चेंडूंवर) बॅटरला वॉक देऊन, म्हणजे फुकट, फर्स्टला पाठवत असेल, किंवा धावणाऱ्याला चुकीच्या बेसवर ठेवत असेल, तर गप्प राहणं हा शिष्टाचार राहत नाही. पुढचा चेंडू पडायच्या आत टाइम घ्यायचा, त्याच्याजवळ जायचं आणि हळू आवाजात सांगायचं. तिथे त्याच्या नजरेचा प्रश्नच नाही.

आधीची पाच वर्षं आणि त्याच रात्रीची चौथी इनिंग

हेच दोन संघ १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या मालिकेत भिडले होते. बोस्टनच्या फेनवे पार्कमधल्या चौथ्या सामन्यात यांकीजचा सेकंड बेसमन चक नॉब्लॉक याने सेकंडकडे धावणाऱ्या होजे ऑफरमनला टॅग करायला हात लांबवला. ग्लोव्ह त्याच्या अंगाला लागलाच नाही, मधे चांगलंच अंतर होतं. पंच टिम चिडा यांनी बाद दिलं आणि सामन्यानंतर चूक मोकळेपणाने मान्य केली. मैदानावर मात्र काही बदललं नाही. त्या वेळचा रिवाजच असा होता की ज्याचा निर्णय त्याने निभवायचा, आणि जोडीदाराने त्याच्या पाठीशी उभं राहायचं. पाठीशी उभं राहणं म्हणजे तोंड मिटून राहणं, असा त्याचा अर्थ होऊन बसला होता.

२००० साली नॅशनल आणि अमेरिकन लीगचे वेगवेगळे पंच एका छत्राखाली आले, आणि पुढच्या काही वर्षांत एकत्र येऊन बोलण्याची लाज कमी होत गेली. २००४ ची ती रात्र या बदलाचं मी पाहिलेलं सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे, कारण त्या एकाच सामन्यात हे दोनदा घडलं.

पहिली वेळ चौथ्या इनिंगमध्ये. मार्क बेलहॉर्नने डाव्या मैदानात उंच फटका मारला. चेंडू भिंतीवरून पहिल्या रांगेतल्या एका प्रेक्षकाच्या छातीवर आदळला आणि उसळून परत मैदानात पडला. डाव्या रेषेवरच्या जॉइस यांनी तो भिंतीला लागून परत आला असं धरलं, म्हणजे होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) नाही, चेंडू जिवंत. फ्रँकोना बाहेर आले, पंच जमले, निर्णय फिरला. तीन धावांचा होमरन, बोस्टन ४-०. सामना शेवटी दोन धावांनी सुटला हे पाहिलं की त्या घोळक्याचं वजन कळतं. आणि तेव्हा व्हिडिओची मदत अजिबात नव्हती. मेजर लीगमध्ये होमरनसाठी चित्रफीत पाहायला सुरुवात झाली २००८ च्या ऑगस्टमध्ये.

या निर्णयाला बदलणं सोपं होतं, हेही नोंदवायला हवं. होमरन ठरला की सगळे धावणारे चालत घरी येतात, कोणाला कुठे ठेवायचं हा प्रश्न उरत नाही. याउलट जिवंत असलेल्या चेंडूला पंचाने घाईने फाऊल (रेषेबाहेर) म्हटलं की खेळ तिथेच थांबतो. क्षेत्ररक्षक फेकायचं थांबतात, धावणारे उभे राहतात. नंतर कळलं की चेंडू फेअर (रेषेच्या आत) होता, तरी काय झालं असतं याची कल्पना करून माणसं बेसवर ठेवावी लागतात, आणि दोन्ही डगआऊट आपापली कल्पना घेऊन येतात. म्हणून अनुभवी पंच नवशिक्याला सांगतात, शंका असेल तर खेळ मारू नकोस. चालू राहिलेला खेळ मागे आणता येतो, मेलेला खेळ उठवणं फार कठीण.

रॉड्रिगेझच्या वेळी मार्श यांनी खेळ चालू ठेवला, ही गोष्ट पुढच्या दुरुस्तीला कामी आली. सगळं घडून गेलं होतं, त्यातलं काय रद्द करायचं एवढंच उरलं होतं.

तोच पंच, सहा वर्षांनी

२ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सचा पिचर अर्मांडो गॅलरागा याने क्लीव्हलँडचे २६ बॅटर ओळीने बाद केले होते. २७ वा बाद झाला की परफेक्ट गेम. मेजर लीगच्या साऱ्या इतिहासात तोवर असे केवळ २० झाले होते. जेसन डोनाल्डने जमिनीलगत फटका मारला, फर्स्ट बेसमन मिगेल काब्रेराने उजवीकडे जाऊन चेंडू अडवला, बेसवर धावत आलेल्या गॅलरागाकडे फेकला. चेंडू आधी पोचला होता आणि गॅलरागाचा पाय बेसवर होता, म्हणजे डोनाल्ड बाद. फर्स्टवर पंच होते जिम जॉइस, आणि त्यांनी सेफ, म्हणजे नाबाद, दिलं.

इथे कोणी त्यांना का नाही दुरुस्त केलं, हा प्रश्न मला ओळखीच्या मराठी मित्रांनी अनेकदा विचारलाय. २००४ मध्ये बदलता आलं, मग इथे का नाही?

कारण इथे झाकलेलं काही नव्हतं. जॉइस जागेवर होते, कोन बरोबर होता, मधे कोणी नव्हतं. त्यांनी पूर्ण खेळ पाहिला आणि चुकीचा वाचला. त्या क्षणी त्यांना स्वतःच्या निर्णयाची खात्री होती. जोडीदारांपैकी कोणाकडेही असा तुकडा नव्हता जो जॉइस यांच्यापासून लपला होता. चेंडू सुटला नव्हता, पाय बेसवरून निघाला नव्हता. होता तो फक्त वेळेचा फरक, आणि तो लांबून ठरवणाऱ्याचं मत जवळच्याच्या मतापेक्षा वजनदार मानायला आधार नाही. आज मागे पाहताना तिथे उभं राहून ‘तो बाद होता’ म्हणावंसं आपल्याला वाटतं, कारण आपण हळू केलेली चित्रफीत पाहिली आहे.

चूक फार मोठी होती आणि ती एका तरुण पिचरच्या वाट्याला आली, याचं मला आजही वाईट वाटतं. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, गॅलरागाची माफी मागितली, रडले. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे होते आणि टायगर्सची खेळाडूंची यादी घेऊन त्यांच्याकडे गॅलरागाच आला. मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय मागाहून बदलला नाही.

२००४ च्या रात्री भिंतीजवळची आपली चूक जोडीदारांनी सावरलेली जॉइस यांनी अनुभवली होती. विचारायला लाजणारा हा माणूस नव्हता. विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. सगळ्या पद्धतीतला हा खरा कच्चा दुवा आहे. विचारण्याची सुरुवात ज्याने करायची, त्याला शंका यायला हवी, आणि चुकणाऱ्याला बहुतेक वेळा शंका येत नाही.

२०१४ पासून मॅनेजरला निर्णयाला आव्हान देता येतं आणि न्यूयॉर्कमधल्या केंद्रात चित्रफिती तपासल्या जातात. डोनाल्ड आज दोन मिनिटांत बाद ठरला असता. पण रॉड्रिगेझचा हात? अडथळ्याचे बहुतेक निर्णय पंचांच्या अंदाजावर सोडलेले आहेत आणि तपासणीच्या यादीत बसत नाहीत. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनच्या मैदानावर ट्रे टर्नरला फर्स्टकडे धावताना अडथळ्यासाठी बाद दिलं गेलं, खेळ चांगला चार-पाच मिनिटं थांबला, आणि तरीही तो निर्णय पंचांच्या अंदाजाचा म्हणून चित्रफितीने फिरवता येणारा नव्हता. म्हणजे अरोयोच्या ग्लोव्हवरचा तो फटका आज पडला असता तरी सहा माणसांना गवतावर उभं राहून एकमेकांना तेच विचारावं लागलं असतं.

माझ्या मैदानावर

जिथे मी उभा राहतो तिथे कॅमेरा नाही आणि सहा पंचही नाहीत. दोन असतात. एक प्लेटमागे, एक सगळ्या बेससाठी. मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलो होतो, तेवढ्या जोरावर इकडे आल्यावर या कामात शिरलो. माझा नेहमीचा जोडीदार वयाने माझ्याहून बराच मोठा, पंचगिरीत वीसहून अधिक वर्षं काढलेला.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा सामना होता. सहावी इनिंग, दोन बाद, बेस रिकामे. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जमिनीलगत चेंडू गेला. मी फर्स्टच्या मागून आत येऊन जागा घेतली, फेकीच्या रेषेला काटकोनात. फेक थोडी आखूड पडली, फर्स्ट बेसमनने आतल्या मैदानाकडे, म्हणजे जवळजवळ माझ्याच दिशेने, ताण देऊन चेंडू घेतला. मिटमध्ये (फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हमध्ये) चेंडूचा आवाज आधी आला, मग धावणाऱ्याचा पाय पडला. मी मूठ वर केली. बाद. क्षेत्ररक्षण करणारी मुलं उड्या मारत डगआऊटकडे निघाली.

बेस रिकामे असताना प्लेटमागचा पंच धावणाऱ्याच्या मागोमाग रेषेने अर्ध्या वाटेपर्यंत येतो. माझा जोडीदार एरवी खेळ संपला की लगेच मास्क चढवत मागे फिरतो. त्या दिवशी तो मास्क हातात धरून तिथेच थांबला. काही बोलला नाही, हातवारे केले नाहीत. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

बॅटिंग करणाऱ्या संघाचे कोच बाहेर आले. शांतपणे म्हणाले, “पाय बेसवर नव्हता. तुम्ही जोडीदाराला विचाराल का?” मी जोडीदाराकडे चालत गेलो, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिलो आणि विचारलं, “पायाबद्दल तुझ्याकडे काही आहे?”

“पाय सुटला होता. चेंडू मिटमध्ये आला तेव्हा बूट आणि बेस यांच्यामधे माती दिसत होती. शंभर टक्के.”

फर्स्ट बेसमनचा पाय माझ्या दिशेने सुटला होता. मधलं अंतर माझ्या नजरेच्या रेषेतच पडलं, म्हणून मला बूट आणि बेस चिकटलेले दिसले. त्याला तेच अंतर बाजूने दिसत होतं. मी त्याच्याहून कितीतरी जवळ होतो.

मी वळलो, दोन्ही हात पसरून सेफ दिलं, मुलाला फर्स्टवर उभं केलं आणि दुसऱ्या कोचकडे स्वतः गेलो. हे मी मुद्दाम केलं, कारण निर्णय माझा होता आणि बदलही माझा होता. त्याला सांगितलं की पाय सुटलेला मला माझ्या जागेवरून दिसला नाही, जोडीदाराला दिसला. तो नाराज झाला, पण परत गेला. जोडीदाराने माझ्याआधी सेफचा हात केला असता, तर तो कोच आम्हा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला असता आणि उरलेला सामना प्रत्येक खेळानंतर कोणाला विचारायचं ते निवडत बसला असता.

त्याच सामन्यात पुढे सेकंडवर टॅगचा एक निर्णय झाला आणि तेच कोच पुन्हा आले. ‘त्यांना विचारा ना.’ मी नाही म्हणालो. टॅग माझ्यापुढे तीन-चार पावलांवर झाला होता, ग्लोव्ह, चेंडू, पाय सगळं उघडं दिसलं होतं. प्लेटवरून माझ्या जोडीदाराला त्यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. एकदा विचारून बदललं म्हणून पुढच्या वेळी विचारायलाच हवं असा दबाव येतो, आणि तो मी अंगावर घेतला. त्याला बोलावलं असतं तर मी त्याला अशा प्रश्नाच्या तोंडी दिलं असतं ज्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

गाडीच्या डिकीत सामान ठेवताना मी त्याला विचारलं, “कोच आले नसते तर? तू तिथेच थांबून राहिलास ते मला दिसलं नसतं तर?” तो म्हणाला की पुढच्या बॅटरला चेंडू टाकला जाण्याआधी माझ्याकडे चालत आला असता, पण सांगितलं नसतं, ‘हवंय का काही?’ एवढंच विचारलं असतं. नियमपुस्तकाच्या अक्षराला हे धरून आहे की नाही, यावर आम्ही दोघं वीस मिनिटं उन्हात उभे राहून बोललो. माझं मत त्याच्या बाजूने पडलं. सुटलेला पाय, सांडलेला चेंडू, झाकला गेलेला हात, यांपैकी काही एकाला स्वच्छ दिसलं असेल आणि दुसऱ्याला दिसणं शक्यच नसेल, तर दार वाजवणं हे जोडीदाराचं काम आहे. दार उघडायचं की नाही, ते निर्णय देणाऱ्याने ठरवावं.

तेव्हापासून सामन्याआधीच्या आमच्या बोलण्यात एक खूण ठरलेली आहे. खेळ थांबल्यावर दोघांपैकी एकाने टोपीवरच्या चिन्हावर तळवा ठेवला, तर त्याच्याकडे काहीतरी नक्की आहे. खात्री नसेल तर हात वर न्यायचा नाही, हेही ठरलंय. मागच्या पूर्ण मोसमात त्याने तो दोनदा ठेवला. मी एकदा.